हजेरी ७५ टक्के व्हायला अजून किती लेक्चर्स? हिशेब करणारं टूल स्वतःच बनवा!

सबमिशन जवळ आलं की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. 'माझी हजेरी ७० टक्के आहे, अजून किती लेक्चर्सना बसू?' उत्तरं अंदाजाने येतात. कुणी तीन म्हणतं, कुणी पाच. आणि मग डिफॉल्टर लिस्ट लागते.

गणित कुठे चुकतं?

समजा ६० लेक्चर्स झाली आणि तुम्ही ४२ ला हजर होता. म्हणजे ७० टक्के. ६० चे ७५ टक्के ४५, म्हणून 'तीन बसलो की झालं' असं वाटतं. प्रत्यक्षात सलग १२ लेक्चर्सना बसावं लागतं. कारण तुम्ही बसता तेव्हा झालेल्या लेक्चर्सची संख्याही वाढत असते. ७२ पैकी ५४ झाली, की मग ७५ टक्के भरतात.

सूत्र सोपं आहे. झालेल्या लेक्चर्सची तिप्पट करा, त्यातून हजेरीची चौपट वजा करा. १८० वजा १६८ म्हणजे १२. उत्तर शून्याखाली गेलं तर तुम्ही सुरक्षित आहात. तो आकडा तीनने भागा, तेवढी लेक्चर्स बुडाली तरी चालतील. ६० पैकी ४८ ला हजर असाल, तर चार. थोडक्यात, बुडवलेलं एक लेक्चर भरून काढायला तीन लेक्चर्सना बसावं लागतं.

टूल कसं बनतं?

यासाठी ॲप लागत नाही, सर्व्हर लागत नाही. एचटीएमएलचं एक पान, आकडे टाकायचे तीन रकाने (झालेली, हजर आणि टर्ममध्ये उरलेली लेक्चर्स) आणि जावास्क्रिप्टच्या दहा-पंधरा ओळी. गिटहब पेजेसवर असं पान मोफत ठेवता येतं. लिंक ग्रुपवर टाकली की काम झालं.

तिसरा रकाना मात्र गाळू नका. १२ लेक्चर्स हवी असताना टर्ममध्ये आठच उरली असतील, तर सगळ्यांना बसूनही हजेरी ७३.५ टक्केच होते. टूलने ते स्पष्ट सांगावं. म्हणजे विद्यार्थी शेवटच्या दिवसाची वाट न पाहता आजच सरांना जाऊन भेटेल.

माझी चूक

तिसऱ्या वर्षाला असताना मी असंच टूल बनवलं होतं. टक्केवारी सुटसुटीत दिसावी म्हणून मी ती पूर्णांकात दाखवली. माझ्या एका मित्राची हजेरी १२२ पैकी ९१ होती, म्हणजे ७४.५९ टक्के. माझ्या टूलने ७५ दाखवलं, तेही हिरव्या रंगात. तो निश्चिंत झाला आणि त्याचं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये लागलं. घरी फोन गेला, वडील एक दिवसाची मजुरी बुडवून कॉलेजात आले. कमी होती फक्त दोन लेक्चर्स.

दुरुस्ती एका ओळीची होती. टक्केवारी वर ओढायची नाही, लागणारी लेक्चर्स मात्र नेहमी वरच्या पूर्णांकात धरायची. चार वर्षांच्या इंजिनीअरिंगमध्ये मी शिकलेला हा सर्वांत महागडा धडा, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

मग मोठे प्रोजेक्ट कशाला?

आपल्याकडे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हटलं की नाव भारदस्त हवं. त्यापायी कुणी तो विकत आणतं, कुणी सीनिअरची ब्लॅक बुक नवं मुखपृष्ठ लावून जमा करतं. ओरल संपली की तो प्रोजेक्ट पुन्हा कुणी उघडतही नाही. माझं मत स्पष्ट आहे. वर्गातली ४० मुलं रोज वापरतात असं एक पान त्याहून जास्त शिकवतं. कारण तिथे चूक झाली तर परीक्षक नाही, समोरचा मित्र जाब विचारतो.

बनवताना हे सांभाळा

– कॉलेजच्या पोर्टलचा पासवर्ड मागू नका, आणि कुणी मागितला तर देऊही नका. हिशेबाला तीन आकडे पुरतात.

– माहिती वापरणाऱ्याच्या फोनमध्येच, ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवा.

– झालेली लेक्चर्स शून्य असतील तर भागाकार करू नका. हजेरी झालेल्या लेक्चर्सपेक्षा जास्त टाकली तर लगेच टोका.

– मराठी कीबोर्डवरून '४२' टाकलं तर जावास्क्रिप्टला तो आकडा वाटत नाही. देवनागरी अंक आधी बदलून घ्या.

– आजारपणाची सवलत, प्रॅक्टिकलची वेगळी मोजणी हे नियम कॉलेजनुसार बदलतात. अंतिम आकडा ऑफिसचाच, हे पानावर ठळक लिहा.

एवढं करायला एक रविवार पुरतो. लिंक ग्रुपवर टाकण्याआधी मात्र १२२ आणि ९१ हे आकडे एकदा टाकून बघा. टूलने 'अजून दोन' म्हटलं, तरच ती पाठवा.