आई आणि मम्मी, बाबा आणि पप्पा: समलिंगी जोडप्यांच्या घरात मूल कुणाला काय म्हणतं?

पुणे-सातारा महामार्गावरचं किकवी घ्या किंवा भोर-वेल्ह्यातलं दुसरं कुठलं गाव. जुन्या एकत्र कुटुंबांत धाकटे दीर 'वहिनी' म्हणायचे, ते ऐकून मुलंही आपल्या आईला 'वहिनी'च म्हणायची. वडील कुणाचे दादा, कुणाचे अण्णा, कुणाचे तात्या. आईला 'आई' आणि वडिलांना 'बाबा'च म्हणायचं, असा नियम मराठी घरांनी कधीच पाळला नाही.

तरीही समलिंगी जोडप्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मूल आई कुणाला म्हणणार आणि बाबा कुणाला?

घरात काय होतं?

नेदरलँड्सने २००१ साली समलिंगी विवाहाला मान्यता दिली. त्यानंतर अनेक देशांत अशी कुटुंबं कायद्याच्या चौकटीत आली. तिथे एक 'ममा' तर दुसरी 'मम्मी', एक 'डॅडी' तर दुसरा 'पपा' अशी वाटणी होते. काही जण संबोधनापुढे नाव जोडतात, तर काही आपापल्या मातृभाषेतला शब्द घेतात. मराठीत तर 'आई' आणि 'मम्मी', 'बाबा' आणि 'पप्पा' असे दोन-दोन शब्द तयारच आहेत. मुलाचा गोंधळ होईल ही भीतीही फारशी टिकत नाही. दोन आज्या आणि दोन आजोबा असतातच की बहुतेक मुलांना!

हाक नात्यातून येते, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या गौरी सावंत यांनी आई गमावलेल्या एका मुलीला वाढवलं. २०१७ मध्ये एका जाहिरातीतून ही गोष्ट देशभर पोहोचली.

मग अडतं कुठे?

कागदावर. जन्मनोंदणीच्या अर्जात एक रकाना आईचा, एक वडिलांचा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदपत्रांत 'स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव' अशा क्रमाने लिहायचं आहे. आईचं नाव पुढे आलं, हे महत्त्वाचंच. पण दोन आयांना या क्रमात जागा नाही.

मूळ अडचण कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. अशा जोडप्यांना एकत्र दत्तक घेऊ देण्याच्या प्रश्नावर घटनापीठात ३ विरुद्ध २ अशी फूट पडली आणि तिथेही निकाल विरोधात गेला. दत्तक नियमांनुसार जोडप्याचा किमान २ वर्षांचा स्थिर वैवाहिक संबंध लागतो. एकटी स्त्री मात्र दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही.

त्यामुळे दोघी मिळून मूल वाढवत असल्या, तरी दत्तकपत्रावर नाव एकीचंच येतं. दुसरीला मूल रोज 'आई' म्हणत असलं, तरी कायद्याच्या लेखी ती परकी. कागदावरची आई उद्या दगावली, तर दुसरीला न्यायालयात जाऊन पालकत्व मागावं लागेल, आणि ते मिळेलच याची खात्री नाही.

बदल होऊ शकतो का?

केरळमध्ये एक दार उघडलं आहे. कोझिकोडला २०२३ मध्ये एका ट्रान्स जोडप्याला मूल झालं. बाळाला जन्म देणारा जोडीदार स्वतःला पुरुष मानतो, पण दाखल्यावर त्याची नोंद 'आई' अशी झाली. जोडपं उच्च न्यायालयात गेलं. जून २०२५ मध्ये न्यायालयाने 'आई' आणि 'वडील' हे शब्द वगळून दोघांचीही नोंद 'पालक' अशी करायला सांगितलं.

हा आदेश त्या एका कुटुंबापुरता आहे. शिवाय ते दोघेही मुलाचे जैविक पालक आहेत. दोन आया किंवा दोन बाबांच्या घराचा प्रश्न त्याने सुटत नाही. पण रकान्याचं नाव बदलता येतं, एवढं त्यातून दिसलं.

कुणाला काय हाक मारायची, हे मूल आणि घर मिळून ठरवतं. त्या हाकेला ओ देणाऱ्या दोघांनाही पालक मानायचं का, हे मात्र संसदेला ठरवावं लागेल.