शीशमहालातली दासी आणि आमचे मांडव

'मुगल-ए-आझम' १९६० साली आला. के. आसिफ यांनी बहुतेक चित्रपट कृष्णधवल काढला, पण शीशमहालातले अनारकलीचे गाणे मात्र रंगीत केले. शकील बदायुनींचे शब्द, नौशाद यांचे संगीत, लता मंगेशकरांचा आवाज आणि पडद्यावर मधुबाला. हे गाणे ठाऊक नसलेला माणूस आमच्या वस्तीत तरी आम्हाला भेटलेला नाही.

चाल गोड म्हणून गाणे टिकले, असे जाणकार सांगतात. गोड चालीची गाणी शेकड्याने आली आणि गेली. आम्हाला विचाराल तर हे टिकले ते गाणारी कोण आहे, यामुळे. ती राजकन्या नाही, दासी आहे. आणि ती एकांतात, बागेत गात नाही. भरदरबारात बादशहाच्या डोळ्याला डोळा भिडवून प्रेमाची कबुली देते. छतावरच्या आरशांत तिचीच छबी उमटते. बादशहाने मान कुठेही वळवली तरी समोर तीच! (अनारकली इतिहासात होती, याला भक्कम पुरावा नाही. नसेना का.)

दासीच्या प्रेमाला सत्ता एवढी का घाबरते? लाहोरच्या परिषदेसाठी १९३६ साली लिहिलेल्या, पण करू न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी त्याचे उत्तर दिले आहे. नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही, आंतरजातीय विवाहाने तिच्या मुळावर घाव बसतो.

पडद्यावरचा अकबर शेवटी विरघळतो, अनारकलीला भुयारातून गुपचूप जाऊ देतो. खर्ड्यात भुयार नव्हते. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून २०१४ साली तिथे एका शिकणाऱ्या दलित मुलाला हाल करून मारले. साक्षीदार फितूर झाले, २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले.

पण बोट फक्त तिकडेच का दाखवायचे? आमच्या लग्नांतही बँडवर हे गाणे वाजते, वरात थांबवून लोक नाचतात. त्याच घरातल्या मुलीने मातंग किंवा चर्मकार मुलाचे नाव घेऊ द्या, मग बघा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो आणि खाली अकबर बसलेला असतो! बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेले आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते आहेत. त्यांच्या मुलीने मातंग समाजातल्या मुलाशी नोंदणी विवाह केला. त्याला तीन वर्षे झाली, मुलगी अजून माहेरी आलेली नाही. आम्ही समजवायला गेलो होतो. चहा मिळाला, उत्तर मिळाले नाही. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहोत.