परस्पर

पुण्याजवळ मावळातल्या उर्से टोलनाक्यावर नव्याकोऱ्या मोटारी लादलेला दुमजली ट्रेलर शेजारून सरकताना दिसला, की परराष्ट्र धोरण पाहिल्यासारखे वाटते. राज्यशास्त्राच्या पुस्तकात 'परस्परावलंबन' नावाचा एक भारदस्त शब्द असतो. मावळाने तो अंगावर काढला आहे.

जवळच्या तळेगाव एमआयडीसीत जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला. २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री बंद केली. तरी तिथे 'बीट' ही मोटार बनत राहिली, कारण मेक्सिकोत तिला गिऱ्हाईक होते. तळेगावातली पाळी चालणार की नाही, हे मेक्सिकोत ठरू लागले. मग चीनच्या 'ग्रेट वॉल'ला कारखाना विकायचे ठरले. १५ जून २०२० रोजी राज्य सरकारने त्या कंपनीशी ३,७७० कोटींचा सामंजस्य करार केला. त्याच रात्री गलवानच्या खोऱ्यात २० भारतीय जवान धारातीर्थी पडले. करार बासनात गेला, डिसेंबरात उत्पादन थांबले आणि पुढच्या वर्षी हजाराहून अधिक कामगारांना घरी बसवले गेले. वाट पाहून 'ग्रेट वॉल'नेही २०२२ मध्ये नाद सोडला.

सीमेवर रक्त सांडत असताना शेजाऱ्याच्या पैशाला चाळणी लावली, यात चूक काहीच नाही. पण ही चाळणी गलवानच्या आधीची. सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची परवानगी लागेल, हा नियम एप्रिल २०२० मध्येच आला होता. तरी राज्याने जूनमध्ये सही ठोकली आणि फोटो काढले. जमीन राज्याची, परराष्ट्र व्यवहार केंद्राचा, भांडवल तिसऱ्याचे. हप्ते मात्र कामगाराचे. मराठीत 'परस्पर'चा दुसराही एक अर्थ आहे: ज्याचे त्याला न विचारता. मावळाच्या वाट्याला तोच आला.

जानेवारी २०२४ मध्ये कारखाना कोरियाच्या ह्युंदाईकडे गेला आणि पुढे तिथे पुन्हा मोटारी बनू लागल्या. आनंदच आहे. उद्या पुन्हा कुठल्या परदेशी कंपनीशी करार होईल, तेव्हा ती निघून गेली तर कामगारांची देणी कोण आणि किती दिवसांत भागवणार, एवढे एक कलम सरकारने त्यात घालावे. आणि सही करण्याआधी ते कामगारांना वाचून दाखवावे.