पंप कोणाच्या पाठीवर?



पावसाळा लागला की आपल्या धामणगाव भागात पऱ्हाटीवर फवारे सुरू होतात. औषध आपण आणतो, पंप मात्र मजुराच्या पाठीवर असतो. आपण ज्याला औषध म्हणतो ते विष आहे, हे आधी कबूल केले पाहिजे.

2017 साल विसरून चालणार नाही. त्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट, आणि किडी आटोक्यात येईनात म्हणून दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. अशा वावरात फवारा तोंडावर येणारच. ‘मजुराने काळजी घेतली नाही’ असे तेव्हा पुष्कळजण बोलले. आम्हांस हे पटत नाही. हातमोजे कोणी दिले होते? डब्यावरची बारीक अक्षरे कोणी वाचून दाखविली होती?

प्रोफेनोफॉससारखे विष अळीच्या मज्जातंतूंवर घाव घालते, तसेच माणसाच्याही. लाळ, घाम, उलटी, धूसर दिसणे, मग श्वास कोंडणे. ते घामेजल्या कातडीतूनही अंगात मुरते. पंप नाल्यात धुतला की मासे मरतात, फुलोऱ्यावर फवारले की मधमाश्या.

ऊसवाल्यांनीही हात झटकू नयेत. उसातील तणासाठी मारलेले टू-फोर-डी वाऱ्याने शेजाऱ्याच्या पऱ्हाटीवर गेले, की तिची पाने भेंडीसारखी होतात आणि धुऱ्यावरची भांडणे सुरू होतात.

म्हणून आमचे म्हणणे असे. बेणे-खताबरोबर हातमोजे, चष्मा व तोंडपट्टी कारखान्याने सभासदांस रास्त दरात द्यावी, आणि सभासदाने ती मजुराला दिल्याशिवाय पंप भरू नये. वाऱ्याच्या तोंडाला फवारू नये. एकाच गड्याला दिवसभर जुंपू नये. डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा. कोणाला भोवळ आली तर अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे, आणि डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा. डबा पाहिला की डॉक्टरांना उपचार ठरविणे सोपे जाते.

खर्च वाढेल हे खरे. पण हा खर्च आजवर मजूर आपल्या जिवाने भरत आला आहे. येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, अशी आमची विनंती आहे. सभासदांनी आपली मते जरूर कळवावीत.