दान म्हणायचं, मग पाकीट कशाला?

स्त्रीबीज दान करायचं तर आपल्या कायद्यानं वयाची अट घातली आहे, २३ ते ३५. मी २२ ची, म्हणजे मला विचार करायला अजून वेळ आहे. माझ्या एका मैत्रिणीला तो नव्हता. २३ पूर्ण, एमएच्या दुसऱ्या वर्षाला, रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना बायबलच्या गोष्टी सांगणारी. होस्टेलचं भाडं थकलेलं. आणि कुणाच्या तरी ओळखीतून आलेली एक 'ताई' फोनवर सांगत होती, "काही नसतं गं, दहा-बारा दिवस इंजेक्शनं, एक दिवस हॉस्पिटल, की हातात पाकीट. वर पुण्य मिळतं ते वेगळंच." ख्रिस्ती मुलीला पुण्याचं आमिष, हे भारीच!

मैत्रिणीनं मला विचारलं, "पण ख्रिस्ती म्हणून हे चालतं का?"

ती कॅथलिक असती तर उत्तर तयार होतं. व्हॅटिकननं १९८७ च्या 'दोनुम विते' या दस्तऐवजात आणि पुढे धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातही स्पष्ट म्हटलंय की नवरा-बायकोच्या मध्ये तिसऱ्याचं बीज किंवा गर्भाशय आणणं गंभीररीत्या चूक आहे. मूल ही देणगी आहे, कुणाचा हक्क नव्हे, आणि ते त्या दोघांच्याच मीलनातून यावं, असा त्यामागचा विचार. पटो न पटो, वसईतल्या मुलीला निदान फादर काय म्हणतील हे ठाऊक असतं. आम्ही प्रोटेस्टंट. आमच्याकडे सगळ्यांना बांधून ठेवणारा असा एकच ग्रंथ नाही. बायबल वाचा, प्रार्थना करा आणि विवेकाला विचारा. ऐकायला मोकळं वाटतं, पण भाडं थकलेलं असताना विवेकाचा आवाज जरा बारीकच येतो.

घरी विचारलं असतं तर काय ऐकायला मिळालं असतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. "आपलं रक्त परक्याच्या घरी वाढणार?" हा मुद्दा मला सगळ्यात कमी पटतो. मत्तयाचं शुभवर्तमान सुरू होतं ते लांबलचक वंशावळीनं. अब्राहामापासून नावं येतात आणि शेवटी थांबतात योसेफापाशी. म्हणजे ज्याच्या रक्ताचा येशू नव्हताच, त्याच्यापाशी! ज्या धर्माच्या पहिल्याच पानावर सांभाळणारा बाप वंशात धरलाय, त्या धर्माच्या लोकांनी रक्ताचं एवढं कौतुक करू नये.

मला अडवते ती हागारची गोष्ट. उत्पत्तीचा सोळावा अध्याय. सारायला मूल नाही, म्हणून ती आपली मिसरी दासी अब्रामाच्या हवाली करते. हागारला कुणी विचारत नाही. त्या अध्यायात नवरा-बायको दोघंही तिचं नावसुद्धा घेत नाहीत, नुसतं 'दासी'. ती गरोदर राहते, छळ होतो, ती रानात पळून जाते. तिथे झऱ्यापाशी देवदूत तिला पहिल्यांदा नावानं हाक मारतो. प्रवचनात आम्हाला ही गोष्ट सारायच्या उतावीळपणाचा धडा म्हणून सांगतात. हागारच्या बाजूनं वाचली तर? एका बाईची अडचण दुसऱ्या, गरीब बाईच्या शरीरातून सोडवली गेली आणि तिची संमती कुणाला महत्त्वाची वाटली नाही.

आपला २०२१ चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा निदान कागदावर तरी हागारला विचारतो. लेखी संमती हवी. आयुष्यात एकदाच दान, आणि सातपेक्षा जास्त स्त्रीबीजं काढायची नाहीत. ती एकाच जोडप्याला किंवा एकाच स्त्रीला द्यायची. मूल ज्यांना हवंय त्यांनी दात्या स्त्रीचा बारा महिन्यांचा विमा काढायचा. आणि स्त्रीबीजाची विक्री हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी पाच ते दहा लाख दंड. फोनवरच्या ताईनं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. तिच्या भाषेत पाकीट म्हणजे 'भरपाई'.

शरीराचं म्हणाल, तर "तुझी बीजं संपतील" ही भीती खोटी आहे. दर महिन्याला अनेक बीजं वाढायला लागतात, साधारण एकच पूर्ण पिकतं, बाकीची वाया जातात. औषधं त्या वाया जाणाऱ्यांनाच पिकवतात. पण "काही नसतं गं" हेही खोटंच. रोज हार्मोनचं इंजेक्शन, वरचेवर सोनोग्राफी, शेवटी भूल देऊन योनीमार्गे सुई घालून बीजं काढतात. काहींची अंडाशयं सुजतात, पोटात पाणी साठतं. क्वचित प्रकरण गंभीर होतं आणि हॉस्पिटलात भरती व्हावं लागतं. परीक्षेच्या महिन्यात हे झालं, तर सोबत कोण बसणार? घरी तर सांगितलेलं नसतं.

आणखी एक प्रश्न, खास आमचा. बीजांपासून प्रयोगशाळेत जे गर्भ तयार होतात, ते सगळे गर्भाशयात सोडत नाहीत. काही गोठवतात, काही पुढे टाकूनही देतात. तो निर्णय दात्या मुलीच्या हातात नसतो. जीवन तिथूनच सुरू होतं असं मानणाऱ्या मुलीला "मी फक्त बीज दिलं" म्हणून हात झटकता येतील? मला नाही येणार. माझं उत्तर आज तरी 'नाही' आहे ते यामुळे. पण नीट विचार करून 'हो' म्हणणाऱ्या मुलीला मी पापी म्हणणार नाही. तिच्याकडे बघून नाक मुरडणाऱ्या बायकांच्या रांगेत मला उभंच राहायचं नाहीये.

मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं, की रकमेवर काट मार आणि मग स्वतःला विचार, देशील? दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "मग कशाला देऊ?" तिच्यापुरता प्रश्न सुटला. भाड्याचा सुटला नाही, तो आम्ही चौघींनी वर्गणी काढून तात्पुरता ढकलला.

आता मंडळीबद्दल. तिच्या मंडळीत नव्या साउंड सिस्टिमसाठी वर्गणी जमली. अडलेल्या विद्यार्थिनीनं कुणाकडे जायचं, हे मात्र कुणालाच माहीत नाही. आणि मूल नसलेल्या जोडप्यांचं काय करतो आपण? मातृदिनाला आयांना पुढे बोलावून गुलाब देतो, तेव्हा मागच्या बाकावरची एखादी बाई खाली बघत बसते. हन्ना मंदिरात मुलासाठी रडत होती, तेव्हा एली याजकाला ती दारू प्यायली आहे असं वाटलं होतं. त्यानं निदान नंतर तिचं ऐकून तरी घेतलं. दत्तक घ्या म्हणणं सोपं, पण ख्रिस्ती जोडप्यांना कित्येक वर्षं १८९० च्या कायद्याखाली फक्त 'पालक' होता यायचं, आई-बाप नाही. बालन्याय कायद्यानं तो रस्ता सगळ्या धर्मांसाठी मोकळा केला. हे किती मंडळ्यांमध्ये सांगितलं जातं?

आमच्या तरुण संघाचे या वर्षीचे विषय आहेत मोबाइलचा मोह, जोडीदाराची निवड आणि करिअर. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना बोलावून हाही विषय घ्या, मुलींसाठी आणि मुलांसाठीही, असं मी सेक्रेटरीला सुचवलंय. "पाळकसाहेबांना विचारून सांगतो," म्हणालाय.