भिंग, चाकू आणि कुदळ : कीड सर्वेक्षणाचा दुर्लक्षित पाया

कीड सर्वेक्षण आता मोबाइलच्या पडद्यावर आले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये नवी दिल्लीत राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीचा आरंभ झाला. शेतकऱ्याने पिकाचे छायाचित्र पाठवावे, कृत्रिम बुद्धिमत्तेने कीड ओळखावी आणि सल्ला थेट बांधावर पोहोचावा, अशी तिची रचना आहे. ही सोय स्वागतार्ह आहे. तज्ज्ञ आणि शेतकरी यांच्यातील अंतर तिने कमी होईल, यात शंका नाही. मात्र या उत्साहात एका साध्या गोष्टीचा विसर पडत चालला आहे. छायाचित्र त्याच किडीचे काढता येते, जी आधी कोणाच्या तरी डोळ्यांना दिसली आहे. कीड दिसण्यासाठी लागणारी हत्यारे मात्र विस्तार कार्यकर्त्याच्या झोळीतून हळूहळू नाहीशी होत आहेत.

कॅमेरा जिथे पोहोचत नाही

महाराष्ट्रातील मोठ्या नुकसानकारक किडींची यादी डोळ्यांसमोर आणली, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. त्यांतील बऱ्याच किडी पिकाच्या आत किंवा मातीत राहतात. गुलाबी बोंडअळी हिरव्या बोंडात असते; बोंड बाहेरून निरोगी दिसते आणि आत सरकी पोखरली जात असते. तुरीवरील शेंगमाशीची अळी शेंगेतच दाणा खाते आणि प्रौढ माशीसाठी बारीक खिडकी तयार होईपर्यंत बाहेर काहीही खूण दिसत नाही. सोयाबीनची खोडमाशी खोडात लालसर बोगदा करते, पण झाड बराच काळ हिरवेच राहते. हुमणीची अळी मुळांशी असते; ऊस पिवळा पडून वाळू लागतो, तेव्हा उपायाची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

या चारही किडींचे निदान कॅमेऱ्याने होत नाही. बोंड आणि शेंग चिरायला धारदार चाकू लागतो, सोयाबीनचे खोड उभे फाडायलाही तोच लागतो, आणि हुमणीसाठी कुदळ किंवा फावडे घेऊन मुळाशी खणावे लागते. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी २० हिरवी बोंडे तोडून फोडावीत आणि त्यांत २ बोंडे किडकी निघाली, म्हणजे प्रमाण १० टक्क्यांवर गेले, तर उपाय योजावा, ही शिफारस विस्तार यंत्रणेला पाठ आहे. ती अमलात येते का, हे कार्यकर्त्याच्या खिशात चाकू आहे का यावर ठरते. चाकू नसेल तर तो झाडाकडे वरवर पाहतो, एखादी डोमकळी शोधतो आणि तक्त्यात अंदाजाचा आकडा भरतो. तोच आकडा पुढे तालुक्याचा, जिल्ह्याचा आणि राज्याचा आकडा होतो.

दुसऱ्या टोकाला अतिसूक्ष्म किडी आहेत. तुरीच्या वांझ रोगाचा प्रसार करणारा कोळी सुमारे ०.२ मिलिमीटर लांबीचा असतो. फुलकिडा एक-दीड मिलिमीटरचा असतो. त्याची ओळख पटायला पांढऱ्या पुठ्ठ्यावर शेंडा हलकेच झटकावा लागतो आणि मग दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याशी धरावे लागते. भिंग वापरण्याचीही रीत आहे. ते हात लांब करून पानावर धरायचे नसते. डोळ्याच्या अगदी जवळ ठेवून पान भिंगाकडे आणायचे असते, कारण दहापट भिंगाचे केंद्रांतर सुमारे २.५ सेंटिमीटरच असते. ही रीत न शिकवता वाटलेले भिंग महिनाभरात कपाटात जाते.

दिल्लीचा संगणक आणि वावरातली झोळी

या प्रश्नाचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. २००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. नवी दिल्लीतील राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राने त्यासाठी संगणकीय प्रणाली उभारली. कीड सर्वेक्षकांनी ठरलेल्या शेतांत जाऊन निरीक्षणे नोंदवायची, ती प्रणालीत भरायची, कृषी विद्यापीठांनी त्यावरून सल्ला द्यायचा आणि तो लघुसंदेशाने शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवायचा, अशी ही साखळी. देशातील इतर राज्यांनीही तिची दखल घेतली.

या साखळीची पहिली कडी संगणक नव्हती. पहिली कडी होती सोयाबीनच्या दोन ओळींत कापड अंथरून झाडे हलवणारा आणि एक मीटर ओळीतील अळ्या मोजणारा माणूस. ते कापड, ती मोजपट्टी आणि मोजणीची शिस्त यांवर पुढचा सारा डोलारा उभा होता. आजही तसाच आहे. प्रणाली कितीही हुशार असली, तरी कापड न अंथरता भरलेला आकडा ती खरा करू शकत नाही.

दिल्लीच्या परिसरातच याचे बोलके उदाहरण आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या हरियाणातील जींद जिल्ह्यात निडाना गावी डॉ. सुरेंद्र दलाल या कृषी अधिकाऱ्यांनी कीट पाठशाळा उभी केली. कपाशीच्या शेतात शेतकरी, आणि विशेष म्हणजे शेतकरी महिला, गटागटाने बसून पाने उलटून पाहत, किडी मोजत आणि वहीत नोंदी करत. शाकाहारी कीटक कोणते आणि त्यांना खाणारे मांसाहारी कीटक कोणते, ही विभागणी त्यांनी आपल्या बोलीत रुळवली. डॉ. दलाल यांचे २०१३ मध्ये निधन झाले, पण त्या गावांनी घेतलेला धडा मागे राहिला. तिथे महागडे असे काही नव्हते. डोळे, वही, पेन्सिल आणि दर आठवड्याला शेतात बसण्याची सवय एवढ्या भांडवलावर फवारणीचा निर्णय शेतकऱ्याच्या हाती परत आला.

पेन्सिल हेही अवजारच

पेन्सिलीला अवजार म्हणणे काहींना अतिशयोक्तीचे वाटेल. कीटकशास्त्राला तसे वाटत नाही. बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये स्थापन झालेली कृषी संशोधन संस्था १९३४ च्या भूकंपानंतर, १९३६ मध्ये दिल्लीला आली. तिच्यासोबत पुसा येथे जमवलेला कीटकसंग्रहही आला. आज तो राष्ट्रीय पुसा संग्रह म्हणून ओळखला जातो. टाचणीवर लावलेल्या प्रत्येक नमुन्याखाली एक चिमुकली चिठ्ठी असते. त्यावर ठिकाण, तारीख, कोणत्या पिकावर मिळाला आणि कोणी गोळा केला, एवढेच लिहिलेले असते. चिठ्ठी नसेल तर तो नमुना नुसता मेलेला किडा उरतो. कुपीतील मद्यार्कात शाई विरघळून जाते, पेन्सिलीचा मजकूर टिकतो. म्हणून नमुन्याच्या कुपीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहावी लागते.

नमुन्याचे महत्त्व २०१८ मध्ये पुन्हा पटले. त्या वर्षी मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोग्गा येथे मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आढळली आणि पुढे थोड्याच काळात ती महाराष्ट्रातही पोहोचली. डोक्यावरील उलटे इंग्रजी वाय अक्षरासारखे चिन्ह आणि शेपटीकडच्या आठव्या खंडावर चौकोनात मांडलेले चार ठिपके पाहून ती शेतात ओळखता येते. परंतु नवी कीड देशात आली आहे, हे ठामपणे सांगायचे तर नीट जतन केलेला नमुना प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. अळी थेट मद्यार्कात टाकली तर काळी पडते. आधी गरम पाण्यात बुडवून मग ७० टक्के मद्यार्कात ठेवली तर रंग व खुणा टिकतात. जनुकीय तपासणीसाठी मात्र याहून तीव्र, ९५ टक्क्यांच्या वरचा मद्यार्क वापरावा लागतो. दोन कुप्या, एक चिमटा, एक मऊ कुंचला आणि पेन्सिल एवढ्या सामग्रीवर पुढच्या परदेशी किडीची पहिली बातमी अवलंबून असेल. ती बातमी पंधरा दिवस आधी मिळाली, तर कित्येक तालुक्यांचे पीक वाचू शकते.

फवारणी पंपाचा विसरलेला पाना

हत्यारांचा प्रश्न ओळखीपाशी थांबत नाही. चुकीच्या निदानातून चुकीची फवारणी होते आणि बिघडलेल्या पंपाने केलेली फवारणी माणसाच्या अंगावर येते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कीटकनाशकांची मिश्रणे, उंच व दाट वाढलेली कपाशी, संरक्षक साधनांचा अभाव, फवारणीची यंत्रे अशा अनेक कारणांची त्यानंतर चर्चा झाली. कीटकनाशके अधिनियम १९६८ चा आणि त्याखालील १९७१ च्या नियमांमध्ये संरक्षक कपड्यांची तरतूद कधीपासून आहे. कागदावरची तरतूद मजुराच्या अंगावर हातमोजे होऊन मात्र क्वचितच उतरते.

पंपाच्या देखभालीचे साधे गणित इथे उपयोगी पडेल. नवे नोझल मिनिटाला ६०० मिलिलिटर द्रावण सोडते, असे धरू. फवारणारा सेकंदाला एक मीटर चालतो आणि पट्टा एक मीटर रुंद आहे. मिनिटाला ६० चौरस मीटर फवारले जाते, म्हणजे एका एकराला सुमारे ६७ मिनिटे आणि ४० लिटर द्रावण लागते. नोझल झिजून तेच ७५० मिलिलिटर सोडू लागले, की एकरी ५० लिटर जाते. म्हणजे खर्च आणि विष दोन्ही सव्वापट, शिवाय थेंब मोठे होऊन पानावरून ओघळतात ते वेगळेच. नव्याच्या तुलनेत प्रवाह १० टक्क्यांहून वाढला की नोझल बदलावे, हा जगभर मानला जाणारा नियम आहे. तो पाळायला एक मोजपात्र आणि मोबाइलमधले घड्याळ पुरते. मोबाइल इथे खरा कामाचा!

तरीही गावोगाव दिसते ते असे : चोंदलेले नोझल तोंडाने फुंकले जाते, किंवा तारेने खरवडले जाते. पहिल्याने विष पोटात जाते, दुसऱ्याने नोझलचे छिद्र कायमचे बिघडते. जुना दात घासायचा ब्रश आणि स्वच्छ पाणी यांनी हे काम होते. गळक्या जोडाला चिंधी गुंडाळण्याऐवजी नवा वायसर घालायला एक पाना आणि पाच मिनिटे लागतात. पाठीवर गळणारा पंप हा फवारणाऱ्याच्या कातडीवर टाकलेला विषाचा ओघ आहे, हे प्रत्येक प्रशिक्षणात स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे.

पेटीत काय असावे

विस्तार कार्यकर्त्याच्या दुचाकीच्या डिक्कीत किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या जीपमध्ये दोन पेट्या असाव्यात. पहिली निरीक्षणाची : दहापट भिंग गळ्यात अडकवायच्या दोरीसह, धारदार घडीचा चाकू, छाटणी कात्री, खुरपे, पांढरा पुठ्ठा, एक मीटर कापड व मोजपट्टी, चिमटा, मऊ कुंचला, झाकणाच्या कुप्या, मद्यार्क, कागदी पिशव्या, वही आणि पेन्सिली. कामगंध सापळ्याचे ल्युर हाताळायला नायट्राइलचे हातमोजेही याच पेटीत हवेत, कारण एका किडीच्या ल्युरचा गंध हाताला लागून दुसऱ्या ल्युरला लागला तर सापळ्यातील आकडे भरवशाचे राहत नाहीत. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग हा निकष मानताना निदान सापळा तरी प्रामाणिक असला पाहिजे.

दुसरी पेटी दुरुस्तीची : दोन-तीन मापांचे पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, नोझल व वायसरांचे सुटे संच, ब्रश, मोजपात्र, साबण आणि स्वच्छ पाण्याचा कॅन. किडीसाठी झाडे चिरणारा चाकू आणि डाळिंबाच्या बागेत फिरणारी कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून घ्यावी. तेल्यासारखे रोग हत्यारावरूनही पसरतात. निरीक्षणाला गेलेला माणूसच रोग घेऊन पुढच्या बागेत जाऊ लागला, तर सर्वेक्षणाला अर्थ उरत नाही.

यावर आक्षेप येईल की पदे रिकामी, गावे अनेक, आणि एका कृषी सहायकाकडे कामांचा ढीग. त्यात पेट्या कोण सांभाळणार? आक्षेप खरा आहे. म्हणूनच हा प्रश्न व्यक्तीच्या हौसेवर न सोडता व्यवस्थेने हाती घ्यावा लागेल. प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात टॅबलेटसाठी रक्कम असते, तशीच हत्यारांसाठी आणि दरवर्षीच्या भरपाईसाठी स्वतंत्र तरतूद हवी. मद्यार्क संपतो, चाकूची धार जाते, वायसर झिजतात. एकदाच खरेदी करून भागत नाही. खरीपपूर्व प्रशिक्षणात अर्धा दिवस प्रत्यक्ष हाताळणीला द्यावा. आणि गावातील दोन-चार प्रगतशील शेतकऱ्यांकडे, महिला बचत गटांकडे निरीक्षणाची एकेक पेटी सोपवावी. निडानाने दाखवले ते हेच, की हे काम पदव्यांवाचून अडत नाही.

मोबाइल आणि भिंग यांच्यात निवड करण्याचा हा प्रश्नच नाही. बोंड आधी चाकूने फोडावे, अळी भिंगाखाली पाहावी, मग तिचे छायाचित्र काढून प्रणालीकडे पाठवावे. या क्रमाने गेल्यास दिल्लीतील संगणक आणि वावरातला माणूस दोघेही खरे बोलतील. क्रम उलटा झाला, तर चुकीचा सल्ला अधिक वेगाने पोहोचेल एवढेच, आणि त्या सल्ल्याबरहुकूम पाठीवर पंप घेणारा मजूर त्याची किंमत मोजेल.