तलंगेचा भाव तराजूने ठरू नये

अंड्यांचा भाव रोज जाहीर होतो. १९८२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती देशातील निरनिराळ्या केंद्रांचे दर प्रसिद्ध करते आणि त्या यादीत जबलपूरचेही नाव असते. मात्र त्याच जबलपूर जिल्ह्यातील कुंडम किंवा बरेला भागात एखाद्या गोंड स्त्रीने पाच महिने सांभाळून अंड्यावर आणलेल्या तलंगेला कोणताही जाहीर भाव नाही. आठवडी बाजारात व्यापारी तिचे पाय धरून उचलतो, वजनाचा अंदाज घेतो आणि मांसाच्या दराने किंमत सांगतो.

या व्यवहारातील अन्याय वरकरणी दिसत नाही, कारण तराजू खोटा नसतो. पण तलंग ही मांसाची वस्तू नव्हे. ती पुढील वर्षभराच्या उत्पादनाचे साधन आहे. अंडी घालून थकलेली म्हातारी कोंबडी तलंगेपेक्षा वजनाला जास्त भरते. म्हणजे जिचे उत्पादन संपले तिला अधिक भाव आणि जिचे सुरू व्हायचे आहे तिला कमी! विकण्याआधी गाभण कालवडीला काट्यावर चढवा असे कोणी शेतकऱ्याला सांगितले, तर तो हसेल. कोंबडी बहुधा घरातील बाईची असते, म्हणून तेथे कोणी हसत नाही.

जबलपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासूनचे. तेथील शास्त्रज्ञांनी परसातील पालनासाठी ‘नर्मदानिधी’ ही जात तयार केली. तिच्यात चार भागांपैकी तीन भाग ‘जबलपूर कलर’चे आणि एक भाग झाबुआच्या कडकनाथचा आहे. परसात ही कोंबडी वर्षाला सुमारे १७५ अंडी देते. गावठी कोंबडीच्या तुलनेत ही मजल तिपटीहून अधिक आहे. विज्ञानाने आपले काम केले. पण हा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हे प्रयोगशाळेत ठरत नाही.

हिशेब मांडून पाहू. रुपयांचे काही आकडे येथे उदाहरणादाखल धरले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे घालावेत. वीस पिले आणली. मानमोडी, मुंगूस आणि मांजर यांच्या तावडीतून पाच महिन्यांनी सोळा वाचली, त्यांत आठ नर आणि आठ तलंगा. पिलू, लस व औषध मिळून ६० रुपये धरले, तर मेलेल्या चारांचा भार उरलेल्यांवर पडून दर पक्ष्यामागे ७५ रुपये होतात. पक्षी या काळात साधारण सात किलो खातो. त्यातील निम्मे तो उकिरड्यावर आणि शेतात स्वतः वेचतो असे मानले, तरी साडेतीन किलो विकतचे खाद्य ३० रुपये दराने १०५ रुपयांचे झाले. रोख खर्च १८० रुपये. तलंग २५० रुपयांना गेली की घरात ७० रुपये ‘नफा’ झाल्याचे समाधान मानले जाते.

येथेच खरी मेख आहे. पिलांना ऊब देणे, पाणी बदलणे, खुराडे झाडणे, तिन्हीसांजेला मोजून कोंडणे, या कामांना रोज अर्धा तास धरला तर १४० दिवसांचे ७० तास होतात, म्हणजे आठ तासांचे जवळजवळ नऊ दिवस. २०२४-२५ मध्ये मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी २४३ रुपये होती. त्या दराने एका पक्ष्यामागे सुमारे १३३ रुपये श्रमाचे झाले. खर्च ३१३ रुपयांवर गेला. मग तो ७० रुपयांचा नफा कसला? ती त्या बाईला मिळालेली अपुरी मजुरी आहे, दिवसाला १२८ रुपयांच्या हिशेबाने. छोटा शेतकरी मोठ्या उत्पादनापुढे टिकतो तो अतिश्रम करून आणि पोटाला चिमटा घेऊन, हे काऊत्स्कीने १८९९ सालीच दाखवून दिले होते.

पिकांच्या हमीभावासाठी लढताना आपण कुटुंबाच्या श्रमाचे मोल खर्चात धरतो. स्वामिनाथन आयोगाने सुचवलेली दीडपट सर्वंकष खर्चावर लावा, अशी किसान चळवळीची मागणी आहे. खुराड्याची झीज व भांडवलावरील व्याज सोडून दिले, तरी तलंगेचा दीडपट भाव ४७० रुपयांच्या आसपास येतो. हा नियम परसातल्या कोंबडीला का लागू नये? आपल्या संघटनांच्या ठरावांतही कोंबडीचा उल्लेख अभावानेच येतो, हे कबूल करायला हवे.

यावर रास्त आक्षेप असा की, तलंग विकत घेणारी स्त्रीही तितकीच गरीब असते. ४७० रुपये म्हणजे सात रुपये दराने ६७ अंडी, जवळजवळ पाच महिन्यांचे उत्पादन. घेणारीला हे अखेर परवडते, पण एकरकमी देणे शक्य नसते. दोन गरीब बायांनी एकमेकींची घासाघीस करावी आणि सरकारने बाजूला उभे राहून पाहावे, यात न्याय नाही. फरकाची रक्कम सार्वजनिक तिजोरीतून आली पाहिजे.

तिजोरी रिकामी आहे असे नाही. २०२१ साली पुनर्रचित झालेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात किमान एक हजार मातृपितृ पक्षी ठेवणाऱ्या उद्योजकाला पन्नास टक्के, कमाल २५ लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. वीस पिलांच्या मालकिणीला त्या दारात प्रवेश नाही. अंगणवाडीतील मुलांना अंडे देण्याचा प्रस्ताव तर मध्य प्रदेश सरकारने २०१५ साली फेटाळला. जेथे अंड्याचाच सार्वजनिक खरेदीदार नाकारला गेला, तेथे तलंगेला मागणी येणार कोठून?

सामूहिक मार्ग याच राज्यात निघाला आहे. होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील केसला येथे आदिवासी स्त्रियांनी ब्रॉयलर पालनाची सहकारी संस्था उभी केली. तेथे बाईला मोबदला मिळतो तो पक्षी किती कुशलतेने वाढवला यावर. बाजाराची चढउतार संस्था आपल्या अंगावर घेते. तलंगेसाठीही हे करता येईल. परसातील कुक्कुटपालनाच्या सरकारी योजनांत चार आठवड्यांची पिले वाटण्याची पद्धत आहे. त्यांत निम्मे नर निघतात आणि काही मरतात. त्याऐवजी गावच्या बचतगटांनी वाढवलेल्या तलंगा शासनाने श्रमासह खर्चाच्या दीडपट भावाने विकत घ्याव्यात आणि गरीब कुटुंबांना सवलतीत, अंड्यांच्या उत्पन्नातून फेडता येतील अशा हप्त्यांनी द्याव्यात. किंमत नगावर आणि वयावर ठरावी, लसीची नोंद पाहून ठरावी. दर वर्षी ती ठरवताना पिले वाढवणाऱ्या स्त्रियांचे प्रतिनिधी बैठकीत असावेत. कुंडमसारख्या एखाद्या विकासखंडापासून ही मागणी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येईल. सोबत द्यायला वरचा हिशेब पुरेसा आहे.